संपांची मोजदाद : देशादेशांतील तुलना कशी करावी

गेल्या सत्रांत वरच्या इयत्तेंतील विद्यार्थ्यांपुढें आम्हीं एक कोष्टक ठेविलें होतें. निरनिराळ्या देशांत संपांमुळें कामाचे किती दिवस बुडाले, याचे आंकडे त्यांत एकाखालीं एक मांडलेले होते. कोष्टक पुरतें वाचून होतें न होतें तोंच एका विद्यार्थ्यानें निकाल दिला कीं, ज्या देशाचा आंकडा मोठा तेथील कामगार आळशी व भांडखोर असले पाहिजेत. दुसऱ्यानें लगेच उलट बाजू घेतली. त्याच्या मतें आंकडा मोठा असेल तेथील मालकच जुलमी असले पाहिजेत. वर्गांत दोन तट पडले व वाद रंगला. तिसरा एक विद्यार्थी मात्र बराच वेळ स्वस्थ बसून होता. अखेरीस तो उठून म्हणाला, "सर, माझे आजोबा १९८२ च्या संपांत गिरणीबाहेर पडले, ते पुन्हां कधीं आंत गेलेच नाहींत. त्यांचे बुडालेले दिवस या कोष्टकांत किती धरले आहेत?"

या प्रश्नानें वर्ग एकदम शांत झाला. आम्हांसही तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं. आंकडे वाचणें निराळें आणि आंकड्यांचा अर्थ समजणें निराळें, ही गोष्ट त्या दिवशीं आम्हां सर्वांच्याच ध्यानांत आली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नास उत्तर देण्याचा आमचा प्रयत्न होय.

१. मापें कोणतीं ?

संप म्हणजे आपली मागणी मान्य व्हावी म्हणून कामगारांनीं एकजुटीनें काम थांबविणें. त्याच्या उलट, मालकानें कारखान्याचे दरवाजे बंद करून कामगारांस कामावर न घेणें यास टाळेबंदी म्हणतात. संपांची मोजदाद करण्याचीं मापें मुख्यतः तीन आहेत. पहिलें, वर्षांत झालेल्या संपांची संख्या. दुसरें, त्यांत सामील झालेल्या कामगारांची संख्या. व तिसरें, बुडालेल्या कामाच्या दिवसांची संख्या. शंभर कामगार तीन दिवस बाहेर राहिले तर तीनशें दिवस बुडाले असें धरितात.

हीं तीन मापें एकाच दिशेनें बोट दाखवितील असें मात्र नाहीं. एखाद्या देशांत तास-दोन तासांचे शेंकडों संप होतील. तेथें पहिला आंकडा मोठा व तिसरा लहान येईल. दुसऱ्या देशांत वर्षभरांत एकच संप होऊन तो सहा महिने चालेल. तेथें पहिला आंकडा एक, परंतु तिसरा कोटींच्या घरांत जाईल. फ्रान्स व इटली या देशांत संप बहुधा थोडक्या वेळाचे, पण पुष्कळ. अमेरिकेंत कराराची मुदत संपल्यावर होणारे संप संख्येनें थोडे, पण लांबणारे. तेव्हां "संप कोठें अधिक ?" असें कोणीं विचारिलें तर प्रथम "कोणत्या मापानें ?" असें उलट विचारणें हेंच शहाणपणाचें होय.

देशादेशांची तुलना करावयाची तर आणखी एक पायरी चढावी लागते. समजा, 'क्ष' या देशांत एक कोटि कामगार असून वर्षांत पांच लक्ष दिवस बुडाले. आणि 'य' या देशांत दहा लक्ष कामगार असून एक लक्ष दिवस बुडाले. वरवर पाहतां 'क्ष' देश अधिक अशांत दिसतो. परंतु साधें त्रैराशिक मांडलें तर 'क्ष' देशांत दर हजार कामगारांमागें ५० दिवस, आणि 'य' देशांत १०० दिवस बुडाले असें निघतें. लहान देशाचें प्रमाण मोठ्या देशाच्या दुप्पट ठरलें ! म्हणून दर हजारीं बुडालेले दिवस हेंच माप तुलनेसाठीं सर्वांत सोयीचें मानिलें जातें.

या प्रमाणाचा आवांकाही लक्षांत घ्यावा. दर हजारीं १०० दिवस म्हणजे दर कामगारामागें वर्षाकांठीं दिवसाचा एक दशांश. आठ तासांचा दिवस धरिला तर अवघीं ४८ मिनिटें. सर्व देशाचा विचार करितां ही हानि केवढी अल्प, हें विद्यार्थ्यांनीं स्वतः हिशेब करून पाहावें. पण ही सरासरी आहे. ज्याच्या घरीं महिनाभर पगार आला नाहीं, त्याचें दुःख ४८ मिनिटांचें नसतें.

२. गाळणी सर्वत्र सारखी नाहीं

आतां मुख्य अडचणीकडे वळूं. आंकडे गोळा करणारा प्रत्येक देश आपापली गाळणी वापरतो, आणि त्या गाळणीचीं छिद्रें सर्वत्र सारखीं नाहींत.

अमेरिकेंतील सरकारी कामगार-सांख्यिकी कचेरी १९८२ पासून, ज्यांत १,००० किंवा अधिक कामगार सामील आहेत असेच संप आपल्या यादींत घेते. त्यापूर्वीं सहा कामगारांचा संपही धरला जात असे. ब्रिटनमध्यें दहांहून कमी कामगारांचे अथवा एका दिवसाहून कमी काळाचे संप सोडून देतात. मात्र एकूण बुडालेले दिवस शंभराहून अधिक असतील तर ते धरतात. जर्मनीचा नियमही बहुतेक असाच आहे. जपानांत अर्ध्या दिवसाहून कमी काळाचे संप निराळे मांडतात. आपल्या देशांत दहांहून कमी कामगारांचे संप मोजीत नाहींत, आणि जी माहिती येते ती स्वेच्छेनें पाठविलेल्या विवरणांवर अवलंबून असते.

याचा परिणाम काय होतो तो एका उदाहरणानें पाहूं. समजा, वर्षांत चाळीस संप झाले, प्रत्येकांत दोनशें कामगार होते, व प्रत्येक संप तीन दिवस चालला. एकंदर २४,००० दिवस बुडाले. ब्रिटनच्या गाळणींत हे सर्व दिवस राहतील. अमेरिकेच्या गाळणींतून एकूण एक गळून पडतील आणि कोष्टकांत शून्य दिसेल. हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं ठेवून एका राष्ट्रास भांडखोर व दुसऱ्यास शांत म्हणणें हा उघड अन्याय होय.

संपाच्या हेतूविषयींही असाच घोळ आहे. कामाच्या शर्तींशीं ज्याचा संबंध नाहीं असा राजकीय संप ब्रिटनच्या आंकड्यांत धरीत नाहींत. हा नियम आपल्या इतिहासास लावून पाहा. २२ जुलै १९०८ रोजीं लोकमान्य टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस कामावरून बाहेर राहिले. पगारवाढीची वा तास कमी करण्याची मागणी त्यांत नव्हती. या देशांतील कामगारांच्या इतिहासांत त्या सहा दिवसांचें महत्त्व सर्वमान्य आहे; तथापि वरील नियम काटेकोर लावला तर त्यांतील एकही दिवस हिशेबांत येत नाहीं.

संप व टाळेबंदी यांची सरमिसळ ही तिसरी अडचण. पुष्कळ देशांत दोन्हींचे दिवस एकत्र करून एकच आंकडा छापतात. ब्रिटनमध्यें १९२६ सालीं सुमारें १६ कोटि २० लक्ष दिवस बुडाले. त्या देशाच्या इतिहासांत एवढा मोठा आंकडा दुसऱ्या कोणत्याही वर्षीं आढळत नाहीं. त्या वर्षींचा सार्वत्रिक संप प्रसिद्ध आहे, परंतु तो मे महिन्यांत अवघे नऊ दिवस चालला. बहुतांश दिवस बुडाले ते कोळशाच्या खाणींत. आणि तेथें कमी मजुरी मान्य करीत नाहींत म्हणून मालकांनींच खाणकामगारांस बाहेर ठेविलें होतें. भारतांतही १९९० नंतरच्या अनेक वर्षीं संपांपेक्षां टाळेबंदीमुळें अधिक दिवस बुडाले. अशा आंकड्यांवरून केवळ कामगारांस दोष देणारा मनुष्य अर्धेंच पान वाचून पुस्तकावर मत देतो, असें म्हणावें लागेल.

या घोळांतून मार्ग काढण्याचे प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं. १९१९ सालीं आंतरराष्ट्रीय मजूर संघटना स्थापन झाली. तिच्या विद्यमानें १९२६ सालीं भरलेल्या सांख्यिकांच्या परिषदेनें, व पुढें १९९३ सालच्या परिषदेनें, संपांचे आंकडे कसे घ्यावे याविषयीं ठराव केले. परंतु ठराव सांगतो आणि प्रत्येक देश आपल्या सोयीनें ऐकतो.

३. शून्याचा अर्थ

कोष्टकांतील मोठ्या आंकड्याकडे सर्वांचें लक्ष जातें. आमच्या मतें शून्याकडे अधिक लक्ष द्यावें. इटलींत १९२६ सालीं फॅसिस्ट सरकारनें कायद्यानें संप बंद केले. जर्मनींत २ मे १९३३ रोजीं नाझी सरकारनें कामगारसंघांच्या कचेऱ्या ताब्यांत घेतल्या व ते संघ मोडून टाकिले. यानंतर तेथें संप दिसेनासे झाले, तें कामगार सुखी झाले म्हणून नव्हे. इटलींतील त्याच कामगारांनीं मार्च १९४३ मध्यें, युद्ध चालूं असतां व तुरुंगाचें भय असतां, तुरिन येथील कारखान्यांत काम थांबविलें.

सोव्हिएट रशियांतील नोव्होचेर्कास्क या गांवची हकीकत तर फारच शोचनीय आहे. १९६२ च्या जून महिन्यांत मांस व लोणी यांचे भाव सरकारनें वाढविले. त्याच सुमारास तेथील आगगाडीच्या एंजिनांच्या कारखान्यांत कामाचे दरही उतरविण्यांत आले होते. कामगार काम टाकून बाहेर पडले. दुसऱ्या दिवशीं सैन्यानें जमावावर गोळ्या झाडल्या व वीसांहून अधिक माणसें मरण पावलीं. ही वार्ता सुमारें पंचवीस वर्षें दडवून ठेवण्यांत आली. त्या वर्षींच्या कोणत्याही सरकारी कोष्टकांत तो संप सांपडणार नाहीं. चीनच्या राज्यघटनेंत पूर्वीं संपाचा हक्क लिहिलेला होता. १९८२ च्या घटनेंतून तो काढून टाकण्यांत आला.

तात्पर्य, ज्या घरांत कोणीही मोठ्यानें बोलत नाहीं तें घर समाधानी असेल, अथवा भयभीत असेल. बाहेरून पाहणारास दोन्ही घरें सारखींच शांत भासतात.

४. खरी शांतता कशी येते ?

खऱ्या शांततेचें उत्तम उदाहरण म्हणून आम्ही स्वीडनकडे बोट दाखवूं. आज तो देश अल्प संपांचा म्हणून ओळखला जातो. परंतु या शतकापूर्वींच्या शतकाचीं पहिलीं तीन दशकें पाहिलीं तर जगांतील अत्यंत संपग्रस्त देशांत त्याची गणना होत असे. १९०९ च्या ऑगस्टांत तेथें सुमारें तीन लक्ष कामगारांनीं सार्वत्रिक संप केला. तो फसला, आणि कामगारसंघांच्या मध्यवर्ती संस्थेची सभासदसंख्या पुढें जवळ जवळ निम्म्यावर आली. १९३१ सालीं ओडालेन येथें संपाच्या वेळीं सैन्यानें गोळीबार केला, त्यांत पांच माणसें मेलीं. सर्व देश हादरून गेला.

त्यानंतर दोन्ही पक्षांस उमज पडली. पुढच्याच वर्षीं कामगारांच्या पाठिंब्यावर उभें असलेलें सरकार अधिकारावर आलें, आणि मालकांसही कळून चुकलें कीं, हे लोक आतां दडपले जाणार नाहींत. २० डिसेंबर १९३८ रोजीं स्टॉकहोमजवळील साल्टशोबाडेन या गांवीं मालकांचा मध्यवर्ती संघ व कामगारांचा मध्यवर्ती संघ यांच्यांत करार झाला. तंटा उपस्थित झाल्यास प्रथम वाटाघाट कशी करावी, कामावरून कमी करतांना कोणते नियम पाळावे, तंट्याशीं संबंध नसलेल्या तिऱ्हाइतास झळ कशी लागूं देऊं नये, हें सर्व त्यांत ठरविलें. संपाचा हक्क कोणींही काढून घेतला नाहीं. तो म्यानांतल्या तरवारीसारखा राहिला. म्यानांत राहूं शकला याचें कारण बोलण्यास जागा मिळाली हें होय. स्वीडिश मनुष्याचा स्वभाव कांहीं सात-आठ वर्षांत पालटला नव्हता. पालटली ती व्यवस्था.

स्वित्झर्लंडमध्येंही १९३७ सालीं यंत्रें व घड्याळें यांच्या धंद्यांत असाच शांततेचा करार झाला. अर्थात् करार झाला म्हणजे कायमचें स्वास्थ्य आलें असें नव्हे. डेन्मार्कमध्यें मालक व कामगार यांचा मूळ करार १८९९ इतका जुना. तरी १९९८ सालीं तेथें अकरा दिवसांचा मोठा संप होऊन तीस लक्षांहून अधिक दिवस बुडाले. त्या एका वर्षाचेंच कोष्टक ज्यानें पाहिलें तो डेन्मार्कविषयीं भलताच ग्रह करून घेईल. म्हणून सुज्ञ मनुष्य एका वर्षावर न जातां पांच अगर दहा वर्षांची सरासरी पाहतो.

आंकडा उतरण्याचीं याहून निराळींही कारणें असतात. अमेरिकेंत हजारांवर कामगारांचे संप १९५२ सालीं ४७० झाले होते, तर २००९ सालीं अवघे ५. १९८१ च्या ऑगस्टांत तेथील सरकारनें संपावर गेलेल्या ११,००० हून अधिक विमान-नियंत्रकांस एकदम बडतर्फ केलें. अशा प्रसंगांची धास्ती, कारखान्यांचें स्थलांतर, व कामगारसंघांची उतरती कळा या सर्वांचा त्या घसरणींत वाटा आहे. जपानांत १९७४ सालीं, तेलाचे भाव भडकून महागाई वाढली असतां, अर्धा दिवस वा अधिक चाललेले पांच हजारांवर संप झाले. पुढें ती संख्या शंभराच्याही खालीं आली. धंद्याचें स्वरूपही महत्त्वाचें. क्लार्क केर व एब्रहाम सीगल या दोन अमेरिकन अभ्यासकांनीं १९५४ सालीं दाखवून दिलें कीं, खाणी व बंदरें येथील कामगार अनेक देशांत इतरांहून अधिक संप करतात. कारण ते एकाच वस्तींत, समाजापासून अलग राहतात, व सर्वांचें गाऱ्हाणें एकच असतें. ब्रिटनमध्यें १९८४ सालीं एकंदर सुमारें २ कोटि ७० लक्ष दिवस बुडाले होते, व त्यांतील बहुतेक खाणकामगारांच्या संपामुळें. पुढें खाणीच बंद झाल्या व आंकडाही खालीं आला. त्यांत कोणाच्या स्वभावाचा गुण वा दोष नव्हता.

५. आपल्या घरचा हिशेब

आपल्या मुंबईचें नांव या विषयांत जगभर झालेलें आहे. १८८४ सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं गिरणी कामगारांची सभा भरवून रविवारच्या सुटीची मागणी केली, व १८९० सालीं ती पदरांत पडली. १९२१ सालीं मुंबई सरकारनें निराळें कामगार खातें उघडलें आणि तेव्हांपासून येथें संपांची नीट नोंद होऊं लागली. १९२८ सालीं, एका कामगारानें अधिक माग संभाळावे या नव्या पद्धतीमुळें, मुंबईच्या गिरण्यांतील सुमारें दीड लक्ष कामगारांचा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. त्या वर्षीं सबंध हिंदुस्थानांत ३ कोटि १६ लक्ष दिवस बुडाले. त्यांतील मोठा भाग एकट्या मुंबईच्या कापडधंद्याचा होता.

१८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार बाहेर पडले. पगारवाढीबरोबरच १९४६ च्या ज्या कायद्यानें एका धंद्यांत एकाच संघास बोलण्याचा अधिकार दिला होता, तो कायदा रद्द व्हावा अशीही मागणी होती. ज्या संघास बोलण्याचा अधिकार होता त्याच्यावर कामगारांचा विश्वास उरला नव्हता, आणि ज्याच्यावर विश्वास होता त्यास अधिकार नव्हता. साल्टशोबाडेनच्या टेबलाशीं दोन्ही बाजूंचीं खरीं माणसें बसलीं होतीं. येथें टेबल होतें, पण खुर्ची भलत्याच्या हातीं होती. त्या वर्षीं देशांत सुमारें साडेसात कोटि दिवस बुडाले. हा संप रीतसर कधींच मागें घेण्यांत आला नाहीं. कांहीं गिरण्या हळूहळू सुरू झाल्या, कांहीं कायमच्या बंद पडल्या, आणि हजारों कामगारांस पुन्हां काम मिळालें नाहीं. कित्येक कोंकणांत व घाटावर आपल्या गांवीं परतले. कित्येकांच्या घरच्या बायकांनीं खानावळी चालवून, पापड लाटून संसार सांवरले.

भारताच्या प्रमाणाविषयीं आणखी एक सावधगिरी हवी. शेतमजूर, बांधकामावरचे गवंडी, फेरीवाले, घरकाम करणाऱ्या बायका हे आपल्या देशांतील बहुसंख्य श्रमजीवी होत. त्यांचीं गाऱ्हाणीं संपाच्या नोंदवहींत क्वचितच येतात. भागाकार करतांना त्यांस छेदांत धरावें तर प्रमाण एकदम उतरतें. न धरावें तर चढतें. म्हणून छेदांत कोण आहे हें विचारल्यावांचून दर हजारीं आंकडा स्वीकारूं नये.

६. उपसंहार

आतां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे परत येऊं. बाळ, तुझ्या आजोबांचे दिवस संप चालूं असल्याची नोंद होती तोंवरच मोजले गेले असतील. नोंदवही मिटली त्या दिवशीं सांख्यिकाच्या लेखीं ते संपकरी राहिले नाहींत. ते बेकार झाले, व बेकारांचें कोष्टक निराळें असतें. कोष्टक खोटें नव्हे. त्याची मर्यादा तेवढीच आहे. ती मर्यादा जाणून जो कोष्टक वाचील त्यासच तें कांहीं खरें सांगेल.

पालकांसही आमची एक विनंति आहे. आपल्यांपैकीं कांहीं कारखानदार आहेत, कांहीं कामगार, कांहीं दोहोंच्या मध्यें बसणारे कारकून. वर्तमानपत्रांत संपाची बातमी आली म्हणजे घरीं जें बोललें जातें तें मुलें ऐकत असतात. "अमुक देशाचे लोक संपखोर" किंवा "आमचे लोक कामचुकार" असें सहज बोलण्यापूर्वीं मापें, गाळणी, छेद व शांततेचें कारण या चार गोष्टी क्षणभर आठवाव्या. मुलांस न्यायबुद्धि शिकविण्याची ती उत्तम संधि आहे.

शेवटीं विद्यार्थ्यांसाठीं अभ्यासाचे तीन प्रश्न देऊन लेख पुरा करितों.

(१) एका देशांत २५ लक्ष कामगार असून वर्षांत ३ लक्ष दिवस बुडाले. दर हजारीं किती दिवस बुडाले, व दर कामगारामागें किती मिनिटें ?

(२) आठ कामगारांचा संप वीस दिवस चालला. तो ब्रिटनच्या, अमेरिकेच्या व भारताच्या नियमाप्रमाणें धरला जाईल कीं नाहीं, तें सकारण लिहा.

(३) आपल्या घरांतील अगर शेजारांतील एखाद्या वडीलधाऱ्या मनुष्यानें संप वा टाळेबंदी अनुभवली असल्यास त्यांजपाशीं बसून ती हकीकत ऐका, आणि तींतील कोणती गोष्ट कोष्टकांत मांडतां येईल व कोणती येणार नाहीं, तें दोन रकान्यांत लिहून काढा. हा तिसरा प्रश्न आम्हीं शेवटीं घातला असला तरी सर्वांत अधिक गुण त्यासच आहेत.